दुरुस्ती

अकरा दिवस आम्ही सगळेच सारखे दिसत होतो:
पांढरा झगा, रबरी सपाता, ओले केस,
गळ्यात नंबराचा बिल्ला. त्याचा एकशे सोळा.
त्स्काल्तुबोच्या कोमट पाण्यात
गुडघेदुखीची माणसं पंधरा पंधरा मिनिटं सोडत,
आणि पंधरा मिनिटांत माणूस किती बोलतो!
एल्गुजा धरणावरचा. एंगुरीच्या भिंतीच्या पोटात
वीस वर्षं रोज उतरलेला.
म्हणाला, "भिंतीला कान लावला ना,
की पलीकडचं पाणी झोपेत कूस बदलताना ऐकू येतं."
आता सांगा,
सातवीच्या पोरांकडून नद्यांची नावं घोकून घेणाऱ्या बाईनं
यावर काय करायचं असतं?

मी पडदे धुतले.
घरी परतल्यावर आधी पडदे, मग खिडक्या,
मग दोन प्लेटा नव्या आणल्या, निळ्या काठाच्या,
आणि आक्रोडाचं वाटण करताना
रिओनी नदीचा आवाज येतो का, हे
सतरा वर्षांत पहिल्यांदा थांबून ऐकलं.
येतो. बारीक, पण येतो.
त्याला दाखवू म्हटलं.

नोव्हेंबरात तो कुतायसीला आला, तीनच्या गाडीनं,
तपकिरी कोटात.
झग्यातला माणूस कुठल्याच वाराचा नसतो,
कोटात तो लगेच शनिवारचा होतो.
मी गाल पुढे केला तेव्हाच त्यानं पिशवी पुढे केली.
मँडरिन होती. चांगली होती.
एक तळाशी मऊ निघालं, ते मी गुपचूप काढून ठेवलं.

जेवताना तो दुहेरी काचेच्या खिडक्यांबद्दल बोलला.
झुगदीदीतल्या बहिणीच्या खटल्याबद्दल,
त्यातल्या दोन्ही वकिलांबद्दल,
आणि मीठ थोडं कमी चाललं असतं याबद्दल.
मी वाट पाहत होते.
शेवटी मीच विषय काढला: "ते पाणी… कूस बदलणारं?"
"कुठलं पाणी?"
मग हसला. "अच्छा, ते!
शाळेच्या सहली येतात ना, त्यांना सांगतो आम्ही.
पोरांना आवडतं."

मीही काही कमी नव्हते.
त्याचं वाक्य अर्ध्यात अडवून मी व्याकरण सुधारलं,
दोनदा.
तिथे मी म्हणे खूप हसायचे;
तो माझ्या चेहऱ्यावर ते हसू शोधत होता दुपारभर,
किल्ली कुठे ठेवली ते आठवत नसलेल्या माणसासारखा,
याच खिशात होती, याच.
नदीचं मी सांगितलंच नाही.

वाईट काहीच घडलं नाही.
हेच सांगायला अवघड जातं.
एखादं भांडण असतं तर
जपून वापरून हिवाळाभर पुरलं असतं.

गाडीला अजून दीड तास होता.
"तुमच्याकडे पाना आहे का?" तो म्हणाला,
आणि बाह्या सारून मोरीशी गुडघ्यावर बसला,
त्याच दुखऱ्या गुडघ्यावर.
त्याची मान तेवढी तिथल्यासारखी दिसली,
ओली नव्हती, पण तीच.
मी बॅटरी धरून उभी. माझा हात हलला असावा.
"उजेड इकडे," तो म्हणाला. मी इकडे केला.

जाताना मी आलुबुखाराच्या चटणीची बाटली दिली.
"ओझं होईल," म्हणाला. खरंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारची त्सिआला,
डोळे मिचकावत: "मग, लामारा?"
"नळ दुरुस्त झाला," मी म्हटलं.
तिला वाटलं, मी काहीतरी लपवतेय. वाटू दे.

तीन वर्षं गळत होता तो नळ.
आता रात्री जाग येते ती कशानं, कळत नाही.
काल स्वयंपाकघरात गेले अंधारात,
कोणी बघत नव्हतं, भिंतीला कान लावून पाहिला.

पलीकडे त्सिआला खोकत होती.