टक्

उणे सत्तावीसला
ओउलूच्या बसथांब्यावर उभं राहून
हातमोजा न काढता फोन उचलून दाखवा,
मग सांगा मला, तुमची रचना किती सुंदर आहे ते.

मी चौतीस वर्षं टपाल वाटलं, सायकलवरून, बर्फातसुद्धा.
वस्तूंबद्दल माझं मत कुणी विचारत नाही,
म्हणून न विचारता देते.

कोरियन फ्रीज गुणी आहे, पण बोलका.
दार जरा उघडं राहिलं की किणकिणतो,
लावलं तरी रुसवा जायला अर्धा मिनिट.
सुनेने दिलेलं इटालियन कॉफीयंत्र देखणं,
आणि पाहुणे यायच्या दिवशी हमखास आजारी.
जर्मन धुलाईयंत्राला मात्र मी नावं ठेवू देणार नाही.
एकोणीस वर्षांत एकदा पट्टा बदलला, बस.
त्याची मूठ फिरवली की घराघरावर थबकते,
चौथ्या थबकीला लोकरीचे कपडे.
हे मी डोळे मिटून सांगते.

डोळे तसेही आता मधोमध धुरकटलेत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेकडेने बघायला शिका.
शिकायचं काय त्यात?
जाहिरातींकडे मी आधीपासून तशीच बघत आले.

माझा औलिस आमच्या गावच्या फोनकंपनीत होता
तेव्हाची गोष्ट.
त्याच्याकडे बटणं होती.
फोन नाही, नुसती बटणं, आणि त्यांच्याखालचं रबर.
नऊ माणसं, एक खोली,
आणि दोन हिवाळे एका आवाजापायी.
पिशवीभर बटणं घेऊन तो जेवायला यायचा,
राईची भाकरी बाजूला सारून टेबलावर मांडायचा,
"आई, डोळे मीट. हे, की हे?"
मी म्हणायचे, पहिलं चिखलासारखं,
दुसरं उर्मट,
हे तिसरं... हे हो म्हणतं.
तो वहीत लिहायचा: हो म्हणतं.
पाचच्या आकड्यावर एक टिंब असायचं, तिळाएवढं.
त्या तिळावर बोट ठेवून
मी पोस्टाच्या पिशवीत हात घालूनच बहिणीला फोन लावायचे,
सायकल न थांबवता.

मग ती खोली गेली.
नऊ माणसांच्या हातात नऊ पाकिटं.
औलिस दक्षिणेला गेला,
आणि आता काच करतो.
म्हणजे काचेमागचं ते काहीतरी,
ज्याला बोट लागलं न लागलं तरी कळतं.
चांगलं चाललंय त्याचं. मी विचारत नाही.

गेल्या शरदात जुनी चूल गेली, नवी आली.
काळी, सपाट, तळ्यावर पहिला बर्फ धरावा तशी.
कुठे पाय ठेवावा कळत नाही.
ओलं बोट तिला चालत नाही,
दूध उतू गेलं तर किंचाळून बंद पडते.
आणि स्वयंपाक, सांगा बरं, कोरड्या बोटांनी कोण करतं?

म्हणून एकोणसत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा,
मी नखपॉलिश विकत घेतलं. लाल.
चुलीला लावलं.
एक थेंब चालू-बंदला, दोन वाढवायला,
वाळले की वर आणखी थर, हाताला लागतील एवढे.

औलिस नोव्हेंबरात आला.
बटाटे ठेवतो म्हणाला,
आणि चुलीसमोर उभाच राहिला.
"हे कुणी केलं?"
"का? खराब झाली?"
तो काही बोलला नाही.
त्याच्या खोलीतल्या माणसांनी केली असेल ही काच,
किंवा दुसऱ्या कुणी. मी तेही विचारलं नाही.
कडेकडेने बघत होते, तेवढं दिसलं:
त्याने डोळे मिटले,
बोट काचेवरून सरकवत नेलं,
थेंबावर आणून थांबवलं, दाबलं.

काच काही म्हणाली नाही.

मग त्यानेच, चोपन्न वर्षांच्या माणसाने,
जीभ टाळ्याला लावून
हळूच केलं, टक्.

"हे, की आधीचं?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, "थोडं अजून कोरडं."
त्याने पुन्हा केलं.

बटाटे वीस मिनिटांत शिजले.
शिजवते चांगली. तसं माझं काही म्हणणं नाही.