दोन-सहा

लोहीच्या बाजारातून येताना
काळी-पिवळीचं दार माझ्या उजव्या हातावर लागलं.
ड्रायव्हर म्हणे, मावशी, आवाज काहून नाही दिला?
मी मांडीवरची पेटी हलवून पाहत होते,
आतलं काही वाढलं तर नाही.

प्लास्टर सुटलं तेव्हा हात
कोणाचा तरी परत आल्यासारखा.
राठ, केसाळ.
मूठही नाही, पंजाही नाही.

मंगळवारी दारव्ह्याच्या दवाखान्यात
खोब्रागडे मॅडम तो गरम मेणात बुडवतात,
काढतात, परत बुडवतात,
मग एकेक बोट मुळापासून वाकवतात.
ढिला सोडा, मावशी. तिकडे पाहा.

मला हसू येते.
तीस वर्षं मी हेच म्हणत आले,
नव्या नवरीला, बाळंतिणीला,
निंदणानं जाड झालेल्या हातांना:
ढिला सोड व माय, तिकडे पाह्य.
ती तिकडे पाहेपर्यंत
हाड दाबून बांगडी मनगटात.
दुखत नाही, म्हणायचे.
खोटं बोलायचे.

घरी सकाळी दहादा, सांजच्याला दहादा.
बोटं भिंतीवर चढवायची मुंगीसारखी,
ओला टॉवेल पिळायचा,
ताटातली तूर दाणा दाणा वेचायची.
नवरा मोजतो.
सातावरून थेट दहावर येतो लेकाचा,
त्याला वाटते मला कळत नाही.

अवघड एकच:
अंगठा करंगळीच्या बुडाशी न्यायचा.
बांगडी भरताना बाई हात करते ना,
तोच.
माझा अंगठा मधल्या बोटापाशी येतो
आणि थांबतो,
नाल्याला पूर आल्यावर एसटी थांबते तसा.

मॅडम पट्टीनं मोजतात, कागदावर अंश लिहितात.
मी त्यांचा हात नजरेनं मोजते:
दोन-चार. डावा जरा भरलेला,
डावखुऱ्या असतील.
मनगट रिकामं. ड्युटीवर चालत नाही म्हणतात.

काल पेटी उघडली.
हिरव्यातली एक काढली, दोन-सहा,
माझ्या मापाची.
जुन्या मापाची.
डाव्या हातानं उजव्यात भरायला बसले.
ढिला सोड, म्हटलं. तिकडे पाह्य.
तिकडे पाहिलं, दारात कोंबडी उभी.
बांगडी गाठीपाशी अडली,
अंगठा थोडा आत वळला,
अजून थोडा,
वाढली.

काच वेचली, उजव्याच हातानं.
नवरा नव्हता मोजायला.
अकरा तुकडे.
एक पेटीखाली गेला,
तो राहू दिला.