गडग्याच्या पल्याड

बाबा वीज मंडळात मीटर वाचायचे.
तिवरे, भाटी, वेळणे : तीन गावं, साडेचारशे घरं,
आणि मंडळाने दिलेली एक सायकल,
जी सड्यावर चढेना म्हणून
कायमची भिकू मेस्त्रीच्या पडवीत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की
मी बॅटरी धरायला.
माळ्याखाली, कोळिष्टकांत मीटर.
आकडे मी ओरडायचो, ते वहीत उतरवायचे.
अजून किती लांब, विचारलं की
एकच उत्तर, सगळ्या वाटांना पुरणारं :
"ह्या काय, गडग्याच्या पल्याड."

गडग्याच्या पल्याड दुसरा गडगा असायचा.
त्याच्या पल्याड व्हाळ, व्हाळावर
माडाच्या दोन खोडांचा साकव,
मग कातळ, तापलेला, चपलेचा तळ चावणारा,
आणि कातळ संपतो तिथे, खाली, एकदम
समुद्र.
बाबा तिथे थांबायचे नाहीत.
चालणं तब्येतीला चांगलं, असं ते कधीच म्हणाले नाहीत.
आम्ही चालत नव्हतोच.
आम्ही वेळण्याला जात होतो.

आता मी देवगडला पतपेढीत. घर तिवऱ्यातच.
शाळा घरापासून सहाशे पावलं.
दुर्वाला मी गाडीने सोडतो.
ऊन असतं. पाऊस असतो. दप्तर असतं.
यातलं काही नसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

कणकवलीच्या डॉक्टरांनी साखरेचा कागद बघितला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, चाला.
म्हणून हे घड्याळ. दिवसाला आठ हजार मागतं.
रात्री साडेनऊला हजारभर कमी पडतात,
तेव्हा मी टीव्हीसमोर बसून
हात हलवत राहतो, पाळण्याची दोरी ओढावी तसा.
घड्याळ मनगटावर थरथरतं.
त्याच्या काचेत फटाके फुटतात.

परवा घड्याळ सापडेना.
दुर्वा झोपाळ्यावर, पट्टा शेवटच्या भोकात,
डोळे कार्टूनवर, हात
माझ्यासारखा, अगदी माझ्याच लयीत.
"बाबा, तुमची पावलं मी करून ठेवतेय."

मी काही बोललो नाही.
तिला शिकवायचं राहिलं होतं असं काही
उरलंच नव्हतं.

पडवीत खुर्चीवर आजोबा. गुडघे गेले,
पण बसल्या जागी त्यांची उजवी टाच
अजून जमिनीवर आपटत असते, दिवसभर.
नवे मीटर म्हणे आपले आपण वाचले जातात.
त्यावर ते फक्त "हं" करतात,
आणि मध्येच विचारतात, भाटीतल्या
अमक्याच्या घरासमोरची पायरी कुणी बसवली काय.
कुणाला माहीत. तिथे कोण जातं.

शनिवारी दुपारी मी चपला घातल्या.
घड्याळ चार्जिंगला होतं, राहू दिलं.
"वेळण्याला जाऊन येतो," म्हटलं, कुणाला असं नाही.
टाच थांबली.
"खयच्या वाटेन?"
"सड्यावरसून."
"साकव नाय आता. वरच्या अंगान जा."
मग टाच पुन्हा सुरू.

पहिल्या गडग्याशी धाप. चिऱ्याला हात टेकून
आपण कुठेतरी बघतोय असं दाखवलं, काजींकडे.
दुसऱ्याशी मागे आवाज आला,
रबरी चपलांचा, एक पट्टा सैल असलेला.
बोलावलं नव्हतं. वळून पाहिलं नाही.
वळलो असतो तर ती "सहज" म्हणाली असती
आणि परत गेली असती.

करवंदाच्या जाळीपाशी ती शेजारी आली.
हातात काही नाही, तोंडात कच्चं करवंद,
डोळा एक मिटलेला, आंबटानं.
"अजून किती?"
मी उत्तर शोधत होतो, मिनिटांत, किलोमीटरांत.
तोंडातून निघालं :
"ह्या काय, गडग्याच्या पल्याड."

ती गडग्यावर चढली. एक चिरा हलला.
डोळ्यांवर हाताची झापड धरून बघितलं तिनं
बराच वेळ.
"खोटं," म्हणाली,
आणि पलीकडे उडी मारली.