व्हेरी लागत नाही

डिचोलीच्या बसस्टँडसमोर, रंगांच्या दुकानावर,
जिन्यात टर्पेन्टाइनचा वास.
वर आम्ही अकराजण. मिशीवाला मी एकटाच.
टिपरची चाकं जमिनीत बसली तेव्हापासून
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला शिकतोय.
लीड्समध्ये म्हणे म्हातारे पुष्कळ.

ओफेलिया टीचर फळ्यावर शिडी काढतात.
खाली टायर्ड, वर एक्झॉस्टेड.
कोल्ड, त्यावर फ्रीझिंग.
अँग्रीच्या डोक्यावर फ्यूरियस लिहिताना
खडू मोडतो.
"वरच्या पायरीला व्हेरी लागत नाही," त्या म्हणतात.
"व्हेरी एक्झॉस्टेड म्हणालात की मार्क गेला.
तो शब्द आधीच काठोकाठ आहे,
त्यात आणखी ओतू नये."

हे मला आवडलं.
कुठल्या पायरीइतकं, ते विचारू नका.

कारण आपल्याकडे शिडी नाही, जोड्या आहेत.
काळा एकटा फिरत नाही, कुट्टला घेऊन येतो.
ठाक कोरड्याशिवाय कुणाला ओळख देत नाही.
गारचं मात्र दोन घरी जेवण,
थंडाकडेही आणि हिरव्याकडेही.
मिट्ट काळोखाचा, तरी गोडाकडे राहायला जातो,
का, ते त्या दोघांनाच ठाऊक.
आणि लालला भडक, असं शाळेत शिकवलं होतं.
मी लाल म्हटलं की खाणीचा रस्ता म्हणतो,
भुवयांवर, ताडपत्रीवर, दुधाच्या पिशवीवर बसलेली ती धूळ.
भडक नव्हती. मुकाट होती.
त्या लालला अजून जोडीदार मिळालेला नाही.

टीचर दुखण्यांवर येतात.
डल. शार्प. बर्निंग. थ्रॉबिंग.
उर्मी घाडी वहीत लिहिते, थ्रॉबिंग म्हणजे ठणका,
आणि तिथंच अडते.
"टीचर, मग सणक? कळ?
आणि दिसत नाही पण सलत राहतं, ते?
डॉक्टरला फोनवर काय सांगू?"
टीचर चष्मा पुसतात. चष्मा स्वच्छच असतो.
"एक ते दहामधला आकडा सांग."

मग जोडीजोडीनं सराव.
उर्मी केअरर, मी मिस्टर वॉकर, वय ब्याऐंशी.
"हाऊ आर यू फीलिंग टुडे, मिस्टर वॉकर?"
माझ्या कार्डावर मिझरेबल लिहिलेलं,
स्पेलिंगसकट, जाड अक्षरात.
तोंडातून आलं, "बरें आसा."

वर्ग हसला. मीही हसलो.

बाबा असंच म्हणायचे.
पाय सुजून चपलेत जाईनात, बरें आसा.
रात्रभर खोकून सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला,
बरें आसा.
बांबोळीला डॉक्टरनी पाठीवर बोटं ठोकत विचारलं,
कसं वाटतंय?
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.
त्या आठवड्यात टिपरचा हप्ता होता.
"बरें आसा," म्हणाले,
आणि सदऱ्याची बटणं लावता लावता,
"व्हडलेंशें कांय ना."

मी टीचरना विचारलं, फाइन कितव्या पायरीवर?
त्यांनी शिडीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत,
घरातली एखादी वस्तू शोधावी तसं.
"फाइनवर परीक्षेत प्रश्न येत नाही," म्हणाल्या,
आणि डस्टर उचललं.

गृहपाठ आहे, आपल्या माणसांवर पाच वाक्यं.
चार झाली. बायको बिझी, मुलगा टॉल,
मांजर हंग्री, शेजारी नॉइझी.
पाचवं लिहिलं, माय फादर वॉज टायर्ड.
टायर्ड खोडला. एक्झॉस्टेड लिहिला.
बराच वेळ पंख्याखाली वही फडफडत राहिली.
मग त्याच्या आधी, बारीक जागेत,
व्हेरी घातला.
आणखी एक व्हेरी मावला, तोही.

चूक आहे, मला माहीत आहे.
गुरुवारी वही द्यायची आहे.