पंख भाड्याचे

दांडिया बाजारात माझं फ्रेमिंगचं दुकान.
देव येतात, पदव्या येतात,
वारलेली माणसं तर रोजचीच.
परी पहिल्यांदा आली,
वहीच्या पानांत दाबलेली, पोस्टकार्डाएवढी.

कारखानीस बाई म्हणाल्या, आमची आत्याआजी, कुमुद.
तेव्हा सहा वर्षांची.
कमाटीबागेतून आणलेली खरी पारंबी छताला टांगलेली,
तिच्या वेढ्यात एका पायावर उभी.
मलमलीचे पंख, आत छत्रीच्या काड्या,
कपाळावर चांदण्यांची पट्टी,
आणि नाकात, काढायची राहून गेलेली चमकी.
ओठ मागाहून रंगवलेत ब्रशने,
जरा बाहेरच गेलेत.
पेंगुळलेले डोळे मात्र तिचे तिचेच.

मागे पडद्यावर विलायती तळं, कमळं, हंस,
आणि हंसांच्या शेजारी
इथल्याच कुणा रंगाऱ्याने
विश्वामित्री आठवून काढलेली
एक मगर.

पाठीवर मोडीतल्या दोन ओळी.
शेजारचे प्रधानकाका जुन्या दफ्तरात होते,
भिंग लावून चहा गार होईपर्यंत बसले.
'पंख नाटक कंपनीचे. भाडे चार आणे.
बुधवारी परत देणे.'

दिले असणार.
बुधवारनंतर कुमुदचं काय झालं
कार्डावर नाही.
बाईंनाही धड ठाऊक नाही.

'तेवढा हात झाकून टाका,' त्या म्हणाल्या.

तेव्हा मला दिसला.
पारंबीमागून कोपरापर्यंत आलेला,
परीचा घोटा घट्ट धरलेला.
हिरव्या बांगड्या एकेक करून भरल्यात,
ओठांपेक्षा कितीतरी जपून.
बाकीची बाई काळ्या कापडाखाली.

लहानपणी आम्हाला भरदुपारी विहिरीकडे जाऊ देत नसत.
आसरा असतात, म्हणायचे. सात जणी.
दिसत नाहीत, बांगड्या तेवढ्या वाजतात.
दहीभात ठेवायचा
आणि मागे न बघता घरी यायचं.
ओढून नेतात एवढंच सांगितलं होतं,
धरूनही ठेवतात
हे कुणी बोललं नव्हतं.

माउंट कापायला घेतला.
हाताच्या अलीकडे पेन्सिलीने रेघ मारली,
पट्टी लावली, सुरी टेकवली.
मग रेघ खोडली
आणि पाव इंच पलीकडे मारली.

शनिवारी बाई आल्या.
काच पदराने पुसली, पुन्हा पुसली.
दोनशे साठ, मी म्हणालो,
आणि हिशेबाच्या वहीत मान घातली.

बराच वेळ काही नाही.
मग बांगड्या वाजल्या.
त्या पैसे मोजत होत्या.