काळी मुळं

मंगळवारी, चार नंबरच्या खुर्चीत,
दुसरी सुई आत गेल्यावर पागनीसबाईंनी डोळे उघडले
आणि म्हणाल्या, यशोधना, माघ लागला.
कुंडी बदलायला हवी.

बाईंनी अडतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं.
डायलिसिसच्या मशीनलाही त्या
मागच्या बाकावरच्या पोरासारखं दटावतात.
लोकमान्य नगरच्या गच्चीत त्यांचं एक झाड होतं, माशा खाणारं.
झाड कसलं, बशीएवढं,
सात-आठ उघडे जबडे, पापण्यांसकट.
गुडघ्यांना आता गच्चीचा जिना झेपत नाही,
म्हणून ते माझ्या खिडकीत.

नर्मदेचं पाणी घालायचं नाही, पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
ते ऐकून घरमालकीण चार दिवस बोलली नाही.
अख्खं इंदूर जिच्यावर जगतं,
एक दिवसाआड, बादल्यांची रांग लावून,
ती मैया या एवढ्याशा रोपट्याला चालत नाही?
नाही चालत. क्षार असतात. हळूहळू जळतं.
त्याला आमच्या आरओचं लागतं,
रक्तासाठी गाळलेलं, ज्याला चवसुद्धा उरलेली नाही.
सकाळी लाइन धुताना मोरीत जाणाऱ्यातलं
पाच लिटर मी स्कूटरवर पायांशी ठेवून आणतो.
झाड दिवसभर पाण्यात उभं.
बाईंना चोवीस तासांत सातशे मिली,
गोळ्यांसोबतचे घोट धरून.
माझ्या वाटचं पितंय मेलं, म्हणतात,
आणि वजनकाट्यावर चढतात.

रविवारी घेतलं करायला.
कुंडी प्लॅस्टिकची, मातीची नको.
पीट तीनदा धुतलं, पर्लाइट धुतलं.
खत नाही. शेणखताची चिमूटही नाही.
याचे पूर्वज अशा दलदलीत वाढले
जिथे जमीन काहीच देत नव्हती,
तेव्हा ते हवेत तोंड उघडायला शिकले.
हे सगळं बाईंचं. मी रक्तदाबाच्या तक्त्यामागे उतरवून घेतलेलं.

कुंडी उलटी केली, बुडावर दोन टिचक्या मारल्या.
ढेकूळ तळहातावर आलं.
मुळं काळी.
विझलेल्या वातींसारखी, मोजून चार.

वर्तमानपत्रावर तसाच बसून राहिलो.
खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.
इतकं झाडून घेतलंय हे शहर
की याच्यासाठी माशी शोधायला मला
जिलेबीवाल्याच्या मागच्या दाराशी उभं राहावं लागतं,
आणि तो विचारतो, भिया, काही हवंय का?

फोन लावला.
काळीच असतात, त्या म्हणाल्या. जिवंत असली की काळीच.
तू वरचं पांढरं बघ, लसणाच्या कुडीसारखं. कडक आहे?
आहे.
मग झालं तर.

कुडी धुताना आपसूक सुटली, दोन निघाल्या.
एकीला दोन मुळं, दुसरीला दोन.
दुसरी कुंडी नव्हती. श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडली.

आज मंगळवार. सांगितलं, दोन झाली.
प्रत्यारोपण यशस्वी! बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या
की तीन नंबरचे टेंबे पेपरातून वर आले.
टेंबे यादीत आहेत, दोन वर्षं झाली.
बाई नाहीत. धाकटा भाऊ तयार होता,
त्याला यांनीच हाकलून लावला, म्हणे तुझी मुलगी लग्नाची.

मी दंडावर बोटं ठेवली.
कातडीखाली ती घरघर, मांजर झोपल्यासारखी.
स्पिरिट लावलं. पहिली सुई घातली.
त्या छताकडे बघत बोलत राहिल्या.
गंमत म्हणून बोट घालू नकोस हं त्याच्या तोंडात.
एकेक जबडा चार-पाचदाच मिटतो, मग संपतो.
आणि एका स्पर्शाला तो हलत नाही.
धूळ असेल, थेंब असेल. थांबून बघतो.
लगेच दुसरा स्पर्श झाला, तरच.

दुसरी सुई हातात धरून मी थांबलो होतो.

माती फार दाबली नाहीस ना?

नाही, म्हणालो.
दाबली होती. अंगठ्यांचे ठसे
अजून होते तिच्यात, सकाळी निघताना बघितले.