लाबार्द

कोर्लईच्या इसाबेल पेन्याने
गोणपाट सोडलं आणि ते माझ्या ऐरणीवर टाकलं.
इथलं लोखंड खणखणतं.
हे खोकलं.

'मान सैल झालीय,' ती म्हणाली, 'दांडा बदलून दे.
शेवग्याच्या शेंगा ओढायला लागतं.
आणि धार लावू नको हां, पोरं हात लावतात.'

उलटसुलट करून पाहिलं.
टोकाला भाला, बोटभर राहिलेला.
एका अंगाला कुऱ्हाडीचं पातं,
चतुर्थीच्या चंद्राएवढं, बाकीचं गंजाने खाल्लं.
आणि पाठीमागे चोच.
घोड्यावरचा माणूस खाली ओढायची चोच,
जी तिच्या सासूपासून
फक्त शेंगा ओढतेय.

'काय म्हणता ह्याला?'
'लाबार्द.'
मला ऐकू आलं, लबाड.
दोघंही हसलो. ती आधी थांबली, मी नंतर,
कारण नाव काही चुकीचं वाटेना.
कुऱ्हाड समजून चुकवावी तर भाला पुढे येतो,
भाला चुकवून आत शिरावं
तर मानेमागून आकडी.
लबाडच की मेलं.

बापाने मला हत्यारांची नावं पाठ करून घेतली होती.
फरशी, बरची, विटा, माडू.
संध्याकाळी परवचा म्हणावा तशी म्हणायचो.
त्यात हे नव्हतं.

माझी प्रणाली अलिबागला कॉलेजात असते.
तिने फोनवरच शोधून सांगितलं,
बाबा, पोर्तुगीजांत अलाबार्दा, इंग्रजांत हॅलबर्ड,
आणि त्याच्याही मागे, कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात,
दोन शब्द जोडलेत: दांडा, आणि दाढी.
दाढी कशाला?
पातं खाली लोंबतं म्हणून, म्हणतात.

म्हणजे हे नाव लोहारानेच ठेवलं असणार.
पंडिताला पात्यात दाढी दिसत नाही.
ती दिसते भट्टीपुढे,
डोळ्यांत धूर गेलेल्या माणसाला.

गलबतातून उतरला तेव्हा शब्दाच्या पुढे 'अ' होता.
तो बुरुजावरच्या खाऱ्या वाऱ्याने नेला असेल.
शेवटचा काना पोरांनी हाक मारता मारता झिजवला.
आणि लोखंडही पुढून दोन बोटं, मागून थोडं,
तेवढंच गेलेलं.
दोघांना एकाच हवेने खाल्लं.
उरलं ते शेवग्याखाली, मागीलदारी,
कुणी न विचारता.

विस्तवात धरलं तसे गंजाचे पापुद्रे सुटले
आणि मानेपाशी एक ठसा वर आला.
दोन टिंबं, एक वाकडी रेघ.
ही सही मला वाचता येईना.
पण घाव वाचता आले.
सगळे डावीकडून उतरलेले.
डावखुरा होता, आणि घाईत होता,
शेवटचे तीन तर ओळीत पडलेच नाहीत.
मी ते सरळ केले नाहीत.

माणग्याची काठी भरीव असते, तीच बसवली.
पाचर ठोकली. पाण्यात बुडवलं, चरचरलं.
आणि मग, खरं सांगतो,
हात कानशीकडे गेलाच.
पात्याला एक वार, फक्त बघायला,
आतलं पोलाद अजून जागं आहे का.
एक पांढरी रेघ चमकली, केसाएवढी.
अंगठ्याने राख चोळून ती बुजवली.

इसाबेल बाकावर बसून पदराने वारा घेत होती.
'झालं?'
'झालं.'

वहीत नोंद करायची तर अक्षर अडलं.
लबाड लिहिलं, खोडलं.
लाबाद लिहिलं, काहीतरी राहिलं.
मग द च्या डोक्यावर रफार दिला
आणि पाहतो तर तीच चोच,
मागे वळलेली, वरून ओढणारी.

लाबार्द, एक नग. दांडा नवा. धार नाही.
दोनशे वीस रुपये.
त्यातले वीस राहिले,
शेंगा आल्या की देते म्हणाली.